झाडामागचा बटाटा

भाऊसाहेबांनी ते पुस्तक जरासं साफ करून ठेवायचं ठरवलं आणि तिथंच माशी शिंकली.

भाऊसाहेब जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत हेडक्लार्क. अर्जावर एक अक्षर जरी गिरवलेलं दिसलं, तरी अर्ज खिडकीतून परत. "खाडाखोड चालणार नाही," हे वाक्य ते झोपेतही बोलतात, असं त्यांची बायको सांगते (आणि ती खोटं बोलत नाही, हीच त्यांची खरी अडचण आहे). अशा माणसाला नाद लागावा तो लहान मुलांच्या जुन्या, चित्रांच्या पुस्तकांचा. पोरं मोठी होऊन आपापल्या घरी गेली. त्यांच्या खोलीत आता ससे, हत्ती आणि राजकन्या राहतात. पाहुणा आला की तो बिचारा बाहेर कोचावर झोपतो.

खरं सांगायचं तर या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी एकच पुस्तक होतं. हरवलेल्या अस्वलाच्या पिल्लाचं. आई ते वाचून दाखवायची. रानात पिल्लू एकटं उभं आहे, ते पान आलं की लहानग्या भाऊसाहेबांना रडू फुटायचं, आणि मग थांबायचं. का थांबायचं, ते काही केल्या आठवत नव्हतं. आई गेली, घर आवरताना तिथली पुस्तकं रद्दीत गेली, आणि तेव्हापासून यांच्या जिवाला एकच लागून राहिलं होतं, की ते पान एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणजे आठवेल.

आणि परवा ओळखीच्या रद्दीवाल्यानं तेच पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. पानं पिवळी पडलेली, एक कोपरा कुरतडलेला, पण तेच. भाऊसाहेब ते छातीशी घट्ट धरून घरी आले. बायकोला वाटलं, यांच्या छातीत दुखतंय. तिनं धरून बसवलं, पाणी दिलं, पंखा मोठा केला, आणि मग पुस्तक दिसल्यावर पंखा पुन्हा लहान केला.

भाऊसाहेबांनी ते पान उघडलं. पिल्लू होतं. रान होतं. पण झाडामागे कुणीतरी पेन्सिलीनं चक्क एक बटाटा काढून ठेवला होता. बटाट्याला दोन कान.

"कुण्या गाढवानं काढलंय हे?" भाऊसाहेब म्हणाले.

"अहो, असू दे की. कुणाचं तरी पोर रमलं असेल."

"खाडाखोड चालणार नाही."

झालं. खोडरबर आला, चष्मा आला, श्वास रोखून हलक्या हातानं काम सुरू झालं. जेवण निवलं, पुन्हा गरम झालं, पुन्हा निवलं. शेवटी बटाटा गेला. पान कसं लख्ख झालं. मग भाऊसाहेबांनी पिल्लाकडे डोळे भरून पाहिलं, आणि त्यांना रडू आलं. ते मात्र थांबेना. (बायकोला सांगितलं, रबराचा भुगा डोळ्यात गेला.)

रविवारी त्यांनी ताईला बोलावलं. थोरली बहीण, तिच्याशिवाय हे कौतुक दाखवायचं कुणाला? ताईनं पुस्तक हातात घेतलं आणि आधी तो कुरतडलेला कोपराच बघितला.

"हे माझे दात आहेत, बाळू. तू गोष्ट ऐकताना माझी वेणी ओढायचास, म्हणून रागानं चावले होते."

"म्हणजे हे आपलंच पुस्तक?" भाऊसाहेब उभेच राहिले.

ताईनं भराभर पानं उलटली. त्या पानावर येऊन थांबली.

"आई कुठं गेली?"

"कुठली आई?"

"अरे, पिल्लाची. तू रडून घर डोक्यावर घ्यायचास, पान उलटू द्यायचा नाहीस. मग आईनं झाडामागे पिल्लाची आई काढली. 'ही बघ, आलीच आहे, जरा मागे राहिली होती,' म्हणायची. मग तू गप्प."

भाऊसाहेबांना ते एकदम आठवलं. आवाजासकट आठवलं.

"कशी... दिसायची ती?" त्यांनी विचारलं, खरं तर विचारायची गरज नव्हती.

"आईच्या चित्रकलेचा आनंदच होता. बटाट्याला कान फुटल्यासारखी."

"सांगा ना आता," बायको म्हणाली, "कुण्या गाढवानं काढलं होतं ते."

भाऊसाहेब मटकन खाली बसले. आयुष्यभर जे शोधलं ते घरी आलं होतं, आणि त्यांनी ते स्वतःच्या हातानं पुसलं होतं. ताईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पुस्तक घेऊन खिडकीशी गेली आणि पान तिरकं धरून बघत राहिली.

"बाळू, इकडे ये. आई पेन्सिल दाबून चालवायची."

तिरक्या उजेडात कागदावर वळ दिसत होते. एक पोट, दोन कान, डोळ्यांचे दोन ठिपके. आई आत्ता इथं हवी होती, असं भाऊसाहेबांना फार फार वाटलं.

"गिरव तूच," ताई म्हणाली.

जन्मात कधी कुणाला एक अक्षर गिरवू न दिलेल्या माणसानं पेन्सिलीला टोक काढलं. डोळ्यांतलं पाणी चष्म्यावर येत होतं, वळ मधूनच दिसेनासे होत होते. पण पोट झालं, कान झाले, डोळे झाले. त्यांनी पुस्तक ताईपुढे धरलं.

"आईसारखं झालं ना गं?"

ताईनं पान पुन्हा उजेडात तिरकं धरून पाहिलं.

"झालं तसं. फक्त आईचं अस्वल पिल्लाकडे बघत होतं. तुझं कचेरीला निघालंय."

भाऊसाहेबांचा हात सवयीनं खोडरबराकडे गेला. खोडरबर जागेवर नव्हता. बायको त्यावर बसली होती.