लाखाला तिनानं भाग

हिशेबात मला हरवील अशी बाई अख्ख्या लोणावळ्यात नाही, असं मी परवा-परवापर्यंत समजत होते! तळेगावच्या शाळेत मराठी सातवी झालेली मी! आकडा नुसता पाहून सांगते, तिनानं भाग जाईल की नाही. अंकांची बेरीज करायची, झालं!

तर माघात आमच्या दीड वर्षाच्या बापूला मोठा ताप आला, तेव्हा सासूबाई महादेवाला तांदळाची लाखोली बोलल्या. लाख अख्खे दाणे! ताप उतरला. श्रावणात त्या, थोरल्या जाऊबाई आणि मी मोजायला बसलो.

"तिगींचं सारकं पायजे," जाऊबाई म्हणाल्या. "पुण्याईत मागं-फुडं नगं."

"आन् लाख म्हंजी लाख," सासूबाईंनी बजावलं. "दाणा कमी न्हाई, दाणा जास्त न्हाई."

"तेच तर होणार नाही!" मी ऐटीत म्हटलं. "लाखातल्या अंकांची बेरीज एक. एकावर हवी तेवढी शून्यं चढवा, तिनानं भागलं की एक उरणारच!"

"आगं, येवढा थोरला आकडा, आन् तिगींत वाटला जाईना?" सासूबाई म्हणाल्या.

"परार्ध घ्या आत्याबाई, तरी एक उरेल!"

जाऊबाईंनी डोळे बारीक केले. "मग त्यो येक कुनाचा?"

झालं! "नवस माजा!" "थोरली सून मी!" एका दाण्यावरून घरात भाऊबंदकी! शेवटी तोडगाही मीच काढला, माझंच डोकं ना! उरलेला दाणा बापूच्या हातून वाहायचा.

शेवटच्या सोमवारी पाटावर तांदळाची पांढरी टेकडी झाली. बापूला मांडीवर घेऊन चिमटीत दाणा दिला. "बाप्पाला दे हं, राजा." राजानं तो सरळ नाकात घातला!

"आगं बया! दाणा कुटं गेला?"

"नाकात!"

"कुनाच्या?"

बापू लालबुंद! नवस राहू दे महादेवा, लेकरू सांभाळ! तेवढ्यात मामंजी तपकिरीची डबी घेऊन धावले. नुसती हुंगवली, आणि घाटातल्या इंजिनानं वाफ सोडावी तसा बापू शिंकला! दाणा उडाला. मी त्याचे मुके घेत रडत सुटले.

मग लक्षात आलं, सगळे पाटाकडे बघताहेत. दाणा टेकडीत पडला होता.

"ह्यातला नाकातला कंचा?" जाऊबाईंनी शांतपणे विचारलं.

बाटलेल्या लाखोलीचा भात झाला. मी तो मान खाली घालूनच जेवले.

"आता कार्तिकातल्या सोमवारी," सासूबाई म्हणाल्या. "आमी दोगीच मोजू. पन्नास-पन्नास हजार. जातो न्हवं भाग?"

"जातो," मी पुटपुटले.

"मग तू पोराचं नाक सांभाळ."

बापू निजलाय, तेवढ्यात हे लिहितेय. ओसरीवर दोघींचे दाणे टपटप पडताहेत. भाग अगदी निःशेष गेलाय. उरले ती मी, एक हात लेखणीवर आणि एक त्याच्या इवल्याशा नाकावर!