मागीलदार प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत

आमच्या शेजारच्या नाना इंगळ्यांना भेटायला गेलं, की ते आधी माझ्या चपलांचे तळ बघतात.

"माती लागलीय काय? बी-बियाणं, मध, फळफळावळ, काय डिक्लेअर करायचंय?" उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेले नाना अगदी गंभीरपणे विचारतात.

मागच्या वर्षी निपाणीहून हॅमिल्टनला मुलाकडे आले तेव्हा ऑकलंडच्या विमानतळावर त्यांची मधाची बाटली काढून घेतली होती. सख्ख्या मेहुण्याने प्रेमाने दिलेली बाटली. तो राग ते आता माझ्यावर काढतात. परवा मी चकल्या घेऊन गेले, तर डबा उघडून म्हणाले, "हे जप्त." आणि माझ्यादेखत दोन खाल्ल्या. मी बघतच राहिले, तर वर म्हणतात, "नियम आहे बाई. जप्त केलेला माल नष्ट करायचा असतोय."

आता हा सगळा थाट कुठल्या सरहद्दीवर, तर त्यांच्या मुलाच्या, विश्वासच्या, परसात. घरामागे एक सुटी खोली आहे. इथे तिला स्लीपआउट म्हणतात. एक पलंग, एक हीटर, एक खिडकी. महिन्यापूर्वी नाना गादी काखेत मारून तिकडे राहायला गेले आणि दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'स्वतंत्र मागीलदार प्रजासत्ताक'. झाडूच्या दांड्याला चौकड्यांचा पंचा बांधून झेंडाही लावला. लोकसंख्या एक.

फुटून निघण्याचं कारण होतं त्यांची नऊ वर्षांची नात, इरा. इराला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं इंग्रजीत. इथल्या बहुतेक पोरांचं तसंच आहे, माझ्याही पोराचं. पण नानांनी कायदा काढला, घरात मराठीच. इरा इंग्रजीत काही बोलली की हे कानाला हात लावून म्हणायचे, "ऐकू आलं नाही. मराठीत सांग, मग ऐकू येतंय." पोरीने आठ दिवस दम धरला. मग तिने त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. एका संध्याकाळी विश्वास भडकला, "नाना, ती बोलेल तशी बोलू द्या हो! नाहीतर नुसते बसा गप्प." झालं. म्हाताऱ्याने गादी उचलली.

"मला सवय आहे बघ याची," नाना मला म्हणाले. "जन्मभर महाराष्ट्रात जायचं म्हणून मोर्चे काढले. राहिलो कर्नाटकात. म्हातारपणी येऊन पडलो न्यूझीलंडात. आता निदान एक खोली तरी मनासारखी असू दे की."

मी हसले. पण खिडकीपाशी बसून ते बघत काय असतात, ते मला आमच्या स्वयंपाकघरातून दिसायचं. शाळेतून आलेली इरा ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायची आणि नाना पडदा इंचभर बाजूला करून बघायचे. ती वळली की पडदा बंद. देश काढला खरा, पण एक नागरिक यावी म्हणून सगळा जीव टांगणीला लागलेला.

एका शनिवारी मला हाक आली. बुटांची तपासणी झाली आणि नाना हळूच म्हणाले, "राष्ट्रगीत पाहिजे. तुझी मदत लागणार."

"अहो नाना, एका खोलीला राष्ट्रगीत?"

"खोलीला न्हवं, देशाला! ट्रान्सनिस्ट्रिया म्हणून देश ठाऊक आहे का? मोल्दोव्हातनं फुटलाय. जगात कोण त्याला देश म्हणत नाही. पण राष्ट्रगीत किती भाषांत? तीन! चाल एक, भाषा तीन. रशियन, युक्रेनियन आणि मोल्दोव्हन. म्हणजे कुणी रुसायला नको." आणि मग टॅबलेट मिटत, जणू सहजच, "मराठी मी लिहिलंय. तू इंग्रजी लिही. गायला इराला विचार. मी विचारलंय म्हणून सांगू नको."

"आणि तिसरी भाषा?"

"ते माझं मी बघतो."

मला वाटलं, इथल्या मूळ रहिवाशांची माओरी असणार. इरा शाळेत इथलं राष्ट्रगीत आधी माओरीत गाते, मग इंग्रजीत. म्हाताऱ्याने ते कान देऊन ऐकलेलं दिसतंय. मनात म्हटलं, वा नाना, वरून फणस आणि आत गरे!

इंग्रजी कडव्यात मी 'हीप्स' आणि 'स्वीट अॅज' असे इथल्या पोरांच्या तोंडचे शब्द घातले, म्हणजे पोरीला आपलंसं वाटेल. चाल अर्थातच आरतीची, कारण नानांना दुसरी कुठलीच येत नाही. इराने कागद वाचला, खुदकन हसली आणि म्हणाली, "ओके. बट आय अॅम नॉट टॉकिंग टू हिम." मी म्हटलं, बोलू नकोस बाई, गा.

रविवारी दुपारी समारंभ झाला. हिरवळीवर विश्वास, इरा आणि मी, तिघंही जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून सावधान उभे. नाना कोट घालून, टोपी घालून. मराठी कडवं त्यांनी खणखणीत म्हटलं. त्यात 'मागीलदार' चार वेळा आणि 'विजय असो' नऊ वेळा होतं. मग इराने इंग्रजी म्हटलं, छान सुरात, पण नजर सगळा वेळ ट्रॅम्पोलिनवर.

मग नानांनी खिशातून दुसरा कागद काढला. चष्मा पुसला. आणि त्याच चालीवर म्हणू लागले, "ऊट आतेन्री? ऊट आतेन्री?" एवढंच. पुन्हा तेच. चौथ्यांदा गाणं मध्येच थांबलं.

"नाना, हे कानडी आहे?" विश्वास चक्रावून म्हणाला. "तुम्ही? कानडी?"

विश्वासची आई गोकाकची. लग्न होऊन आली त्या दिवशीच नानांनी सांगितलं होतं, या घरात मराठीच. ती बिचारी जन्मभर मराठी बोलली. विश्वासला आईची भाषा आलीच नाही.

"तुझी आई दवाखान्यात शेवटचे चार दिवस कानडीच बोलली रे," नाना म्हणाले. "तू इकडे होतास, तुला काय सांगायचं. मराठी सगळं पुसून गेलं बघ तिचं. डोळे उघडले की एकच विचारायची, ऊट आतेन्री? जेवण झालं का हो तुमचं? मला कळत होतं. तिच्या माहेरी इतकं ऐकलेलं, कळणार नाही व्हय? पण उत्तर द्यायला गेलो की तोंडातनं मराठीच यायचं. ते तिला कळेना. मग परत विचारायची. कळतंय सगळं आणि तोंडातनं येत न्हाई, हे काय असतंय ते मला विचारा." मग इराकडे न बघता म्हणाले, "आणि मी या लेकराला शिक्षा करत बसलो."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. विश्वास तर पाठ फिरवून कुंपणाकडे बघायला लागला.

इराला सगळं समजलं होतं. मराठी समजतंच तिला. ती दोन पावलं पुढे आली. "सो व्हॉट्स द आन्सर? इन आजीज् लँग्वेज?"

मला वाटलं, आता कानाला हात जाणार. पण नानांनी कानाला हात लावलाच नाही आणि परीक्षेला बसल्यासारखं एकेक शब्द जुळवत इंग्रजीत सांगितलं, "आन्सर इज, आतु. मीन्स, येस, आय हॅव ईटन. माय ब्रदर-इन-लॉ टॉट मी. ऑन फोन. नाऊ."

"अँड हॅड यू? ईटन?"

"नो," नाना म्हणाले. "फोर डेज, नो. बट आय वॉन्टेड टू से येस."

इराने त्यांच्या हातातला कागद काढून घेतला, घडी करून आपल्या खिशात घातला आणि त्यांच्यासमोर उभी राहून तीच ओळ, त्याच चालीवर म्हणाली. उच्चार अगदी किवी. "ऊट आतेन्री?"

"आतु," नाना म्हणाले.

तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. पण दर वेळी त्यांचं उत्तर थोडं अधिक स्पष्ट येत होतं.