दहापर्यंत कोण मोजणार?

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा नानांच्या सलूनमधल्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बसलं होतं. नानांनी फोन खिशात ठेवला, उरलेली अर्धी दाढी केली, तुरटी फिरवली आणि मग शटर ओढून दवाखान्यात गेले. पुढे लोकांनी याचे बरेच अर्थ लावले. नानांचं म्हणणं एवढंच, की अर्ध्या दाढीनं माणसाला घरी पाठवता येत नाही.

त्याला दहा महिने झाले, आणि त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नानांना सांगितलं, की तुमची शुगर गोळ्यांना दाद देत नाही, आता रोज सकाळी इन्सुलिन घ्यावं लागेल. नर्सबाई इन्सुलिनचं पेन घेऊन शिकवायला बसल्या. नाना हसले.

"सिस्टर, मला शिकवता? बायकोला नऊ वर्षं मीच टोचत होतो. रोज, दंडावर. एकदासुद्धा 'आई गं' म्हणाली नाही. चाळीस वर्षं वस्तरा धरलेला हात आहे हा."

"ते दुसऱ्याला, नाना. हे स्वतःला. पोटावर."

"पोट काय अन् दंड काय, कातडी तीच."

"मग स्वतःचे केसही स्वतःच कापता का?"

नर्सबाई नानांच्या मानेकडे बघत होत्या. मानेवरचे केस कॉलर ओलांडून खाली निघाले होते. पुढचे केस नाना आरशात बघून कापत. मागचे बायको कापायची, महिन्याच्या पहिल्या रविवारी, स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून. दहा महिने तिकडे कात्री फिरकली नव्हती. गिऱ्हाइकं म्हणायची, "नाना, एखादं चांगलं सलून बघा की." नाना म्हणायचे, "वेळ कुठे मिळतो?" आणि रिकाम्या दुकानात पेपर तिसऱ्यांदा वाचायला घ्यायचे.

मुलगी दीड तासाच्या अंतरावर राहायची. तिनं फोनवर अट घातली.

"बाबा, मी रविवारी येते. तोवर रोज घेतलंत आणि शुगर उतरायला लागली, तर ठीक. नाहीतर दुकान बंद करायचं आणि सामान घेऊन माझ्याकडे यायचं."

"जेवायलाच ये," नाना म्हणाले.

मुलीच्या घरी वाईट काही नव्हतं. पण ती आणि जावई सकाळी आठला बाहेर पडत आणि संध्याकाळी सातला परत येत. मधले अकरा तास भिंतीकडे बघत काढायचे. दुकानात निदान कुणाची तरी मान हातात असायची.

सोमवारी सकाळी नाना स्वयंपाकघरात बसले. पेनला सुई लावली, आकडा दहावर आणला, पोटाची घडी चिमटीत धरली आणि हात थांबला. घाबरला नव्हता. वाट बघत होता.

बटण दाबल्यावर दहा आकडे होईपर्यंत सुई आत ठेवायची असते. नऊ वर्षं नाना दाबायचे आणि बायको मोजायची. ती "एक" म्हणाली की दाबायचं. सहापर्यंत ती सरळ जायची आणि सातला हमखास थांबायची. "सात... अहो, दूध गॅसवर आहे का हो?" मग आठ, नऊ, दहा. दूध नसलं तर शेजारीण असायची, शेजारीण नसली तर नळ. पण मध्ये काहीतरी आल्याशिवाय तिचे आठ कधी आले नाहीत.

आता "एक" म्हणायला कोणी नव्हतं. नानांनी स्वतःच म्हणून बघितलं. हाताला ते पटलं नाही. पंधरा मिनिटांनी त्यांनी ते दहा युनिट सिंकमध्ये सोडले.

"घेतलंत?" मुलीचा फोन.

"हो."

"दुखलं का?"

"कळलंसुद्धा नाही." हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

शुक्रवारपर्यंत असंच चाललं. सिंकची शुगर एव्हाना अगदी नॉर्मल आली असणार. नाना मात्र माठच्या माठ पाणी पीत होते आणि फोनवर आकडे बनवून सांगत होते. "तूच मोज गं" असं एकदा मुलीला म्हणणार होते. पण तसं म्हटलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला तिनं बॅग भरायला सांगितली असती. शुक्रवारी संध्याकाळी एका गिऱ्हाइकाचा एक कल्ला कानाच्या वर आणि एक खाली झाला. डोळ्यांना अंधुक दिसत होतं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी नानांना युक्ती सुचली. हात दुकानात चालतो ना, मग दुकानातच टोचायचं. त्यांनी शटर अर्धं वर केलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, गळ्याला कापड बांधलं आणि आरशातल्या माणसाला दम दिला, "हलायचं नाही." मग शर्ट वर करून सुई पोटाजवळ आणली, डोळे मिटले आणि म्हणाले, "अगं, मोज की आता. तू नाहीस तर मला हे जमत नाही. दहा झाले की सुटलो."

नेमके त्याच वेळी निवृत्त पोस्टमन शनिवारच्या दाढीसाठी शटरखालून वाकून आत आले होते. त्यांना दिसलं ते असं: बायको गेलेला माणूस, अंधारं दुकान, मिटलेले डोळे आणि हातात सुई. पस्तीस वर्षांत त्यांनी तार पोचवायला जेवढी घाई केली नसेल, तेवढ्या घाईनं ते रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये धावले.

समोरच्या सलूनवाल्याचा आणि नानांचा सोळा वर्षांचा अबोला होता. समोरच्यानं पाटीवर 'जुने व अनुभवी' लिहिलं, तेव्हापासूनचा. पण तो उठला तो सरळ आत घुसला आणि त्यानं नानांचा हात धरला. मागोमाग त्याचं गिऱ्हाईक तोंडाला फेस, गळ्यात कापड अशा थाटात धावत आलं.

"सोड ते. वेडा झालास का तू?"

"अरे, हात सोड."

या ओढाताणीत सुई समोरच्याच्या अंगठ्यात गेली. तो मटकन बाकड्यावर बसला.

"विष आहे का रे?"

"इन्सुलिन आहे. आणि बटण दाबलेलंच नाही."

"तरी थोडं गेलं असणार. मला गरगरतंय."

पोस्टमननी टपरीवरून जास्त साखरेचा चहा आणि बिस्किटांचा पुडा आणला. बिस्किटं खाता खाता समोरच्याला नवी शंका आली.

"तुझी शुगर मला लागेल का?"

"नाही रे बाबा. सुई कोरी होती," नाना त्याची समजूत काढत म्हणाले. "सोमवारपासून एकही सुई मी अंगाला लावलेली नाही."

पोस्टमनच्या हातात फोन होता. आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेला मुलीचा नंबर त्यांनी मघाशीच लावला होता, आणि स्पीकर चालू होता.

"बाबा," फोन म्हणाला, "मी निघते आहे."

दीड तासानं ती आली. कोणी हललं नव्हतं. फेस वाळून त्या गिऱ्हाइकाचा चेहरा रंग दिलेल्या भिंतीसारखा झाला होता. मुलीनं नानांचं बोट टोचून मशीन लावलं. तीनशे बावीस.

"पाच दिवस काय केलंत?"

"सिंकला दिलं."

"का पण?"

नाना बराच वेळ कापडाची गाठ सोडत होते.

"तुझी आई मोजायची," ते म्हणाले. "मी नुसता दाबायचो. मोजायला कोणी नाही गं."

मुलीनं नवी सुई लावली, आकडा दहावर आणला, पेन नानांच्या हातात दिलं आणि शेजारी उभी राहिली.

"एक," ती म्हणाली.

हात खाली गेला. कळलंसुद्धा नाही.

"दोन, तीन, चार, पाच, सहा, सात—"

"अरे देवा, माझा गीझर चालू राहिलाय," बाकड्यावरून समोरचा म्हणाला.

नानांनी मान वर केली. सुई मात्र हलू दिली नाही.

"आठ," मुलगी म्हणाली. तिनं एकदा समोरच्याकडे वळून बघितलं. "नऊ. दहा."

बॅग त्या दिवशी भरली गेली नाही. ठरलं ते असं, की समोरच्यानं रोज सकाळी दुकान उघडण्याआधी यायचं आणि मोजायचं. तो येतो. त्या शनिवारचं सोडलं तर अबोला मोडलेला नाही. आत येतो, एकपासून दहापर्यंत मोजतो आणि जातो. सातला थांबत नाही, त्याची सवय व्हायला नानांना आठ दिवस लागले. शुगर दोनशेच्या खाली आली आहे. कल्ले पुन्हा सारखे येतात.

दहा म्हणून झालं की समोरचा रोज आरशातून नानांच्या मानेकडे बघतो, एक हात आपोआप वरच्या खिशातल्या कात्रीकडे जातो, आणि मग तो रस्ता ओलांडतो.

मागचे केस अजून कापायचे राहिले आहेत.