आबांची जपानी काठी

धोंडूआबा केळी आणायला धुळ्याहून रावेरला जात. केळीवाला आमच्या बोळाच्या तोंडाशीच बसायचा, पण आबांच्या मते तो मधला माणूस. वस्तू जिथं तयार होते तिथूनच घ्यावी, म्हणजे स्वस्त पडते, असा त्यांचा सिद्धांत होता. "मधला माणूस काढी टाका, बाई," ते मला सांगत, "बठ्ठा पैसा तोच खाई जास." रावेरच्या मोटारभाड्याचं काय, असं मी एकदा विचारलं. आबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "भाडं केळांमां नही धरानं. ते प्रवासमां जास."

मी शाळेत गणित शिकवायची आणि घरी वाण्याच्या सामानाची यादी केल्याशिवाय पिशवी उचलायची नाही. या उत्तरानं माझी ती संध्याकाळ वाया गेली.

आबांचं आग्रा रोडला ऑईल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. शेतकऱ्यांची जुनी इंजिनं विलायती, त्यांचे सुटे भागही विलायती. त्यामुळे चांगली वस्तू समुद्रापलीकडेच बनते, हे आबांच्या मनात पक्कं बसलं होतं. इंजिनापुरतं ते चाललं असतं. पण आबांना माशांचा नाद होता. दर रविवारी ते पांझरेच्या डोहावर गळ टाकून बसत. गळ, दोरी आणि ती गुंडाळायची चकरी जपानात बनतात, तेव्हा तिथूनच घेणं स्वस्त, असं त्यांनी ठरवलं.

त्यांचा पुतण्या मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. त्याला पत्र जायचं, आणि मग बोट जपानला जायची वाट पाहायची. बोट आफ्रिकेला गेली, की आबा आमच्याशी कमी बोलत. माल आला की मुंबईला जाऊन तो ताब्यात घ्यायचा, जकात भरायची, लॉजमध्ये उतरायचं. "जकात सरकारले जास," आबा म्हणत, "वस्तूले नही."

पहिल्या खेपेला त्यांनी गळ मागवले, ते सगळ्यात मोठ्या नंबरचे. गळांचा नंबर जितका मोठा तितका गळ बारीक, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुडी उघडली तर नथीच्या आकड्याएवढे गळ. बोळातल्या बायकांनी ते ब्लाउजला लावायला मागून नेले आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिले. त्यांना उलटा काटा होता.

बोळातच चंपालालशेठचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. आबा समोरून गेले की शेठ गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "आबा, जपानला कशाला जाता? आमच्या बरणीत हात घाला ना. गळ बी आहे, बोट बी बुडणार नाही." आबा थांबून सांगत, "शेठ, तुम्ही मधला माणूस." मग दोघंही समाधानानं आपापल्या कामाला लागत.

आडात पडलेली बादली काढायचा बोळाचा मोठा लोखंडी गळही शेठच्याच दुकानात टांगलेला असे. तो मागायला गेलं, की शेठ आधी मोठ्यानं विचारत, "कोणाची पडली?"

मग एका वर्षी आबांनी जपानहून मागवलेली गळाची काठी आली. काचेच्या धाग्यांची, तीन तुकडे एकात एक बसवायची, वर चकचकीत चकरी. बोट दोनदा भलत्याच खंडाला जाऊन आली होती. शनिवारी दुपारी आबा ओट्यावर बसून चकरीला तेल देत होते. उद्या ती पहिल्यांदा पाण्यात जाणार होती.

मी पाण्याला गेले, तर आडापाशी सुमन उभी. सखूअक्कांची नवी सून. दोर तुटून अक्कांची तांब्याची घागर आत गेली होती. ती त्यांच्या माहेरची, तिच्यावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं. ती रोज स्वतः चिंचेनं घासणाऱ्या अक्का जळगावला भावाकडे गेल्या होत्या आणि संध्याकाळच्या गाडीनं यायच्या होत्या. पंधरवड्यापूर्वी सुमनच्या हातून काचेची बरणी फुटली, तेव्हा अक्कांनी तिला माहेरी पाठवायची भाषा केली होती. ती सगळ्या बोळानं ऐकली होती.

"मी शेठकडून गळ आणते," मी म्हटलं.

तिनं माझा हात धरला. "नको ना बाई. ते विचारतील."

आबा कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. हातात काठी होती. त्यांनी वाकून आत पाहिलं. "घागरना गळामां दोर ऱ्हायना का?"

"फास राहिलाय, आबा."

"मंग निंघस."

आबांनी काठीचा गळ आडात सोडला. बऱ्याच वेळानं तो फासात अडकला. पाण्यात होती तोवर घागर मुकाट्यानं आली. पाण्याबाहेर निघाली आणि काठी मधोमध कडकन मोडली. आबांनी दोरी हातानं धरली आणि ओढत राहिले. ती बारीक नायलॉनची दोरी तळव्यात रुतत होती. घागर काठावर आली तेव्हा तिला एक पोचासुद्धा नव्हता. "घर जाय बेटी," आबा म्हणाले, "नि चिंच लाव."

मोडलेली काठी लपण्यासारखी नव्हती. संध्याकाळी शेठनी दुकानातून हाक मारलीच, "काय आबा, जपानी माल? नदीवर न जाताच मोडला?" चार माणसं जमली. त्यांत गाडीवरून आलेल्या सखूअक्काही पिशवी घेऊन उभ्या होत्या.

आबांनी सगळ्यांकडे पाहिलं. "कच्चा माल शे," ते म्हणाले. "तेल देता देता मोडना. तुम्हीच खरं सांगत होता, शेठ. एक बांबू दखाडा."

शेठ एवढे हसले की त्यांनी बांबूचे पैसे घेतले नाहीत. अक्काही हसल्या आणि घरी जाऊन त्या घागरीतलं पाणी प्यायल्या. पुढं कित्येक महिने बोळात कुणाची काहीही वस्तू मोडली, की "जपानी होती का?" असं विचारायची पद्धत पडली. आबा ते ऐकून घेत.

मी त्याच दिवशी टिंचर आणि पट्टी घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले होते. त्यांचे तळवे उघडून पाहिले आणि मला राग आला. "निदान काठी पडून मोडली म्हणायचं. शेठला खरं ठरवायची काय गरज होती?"

"हसू लागले का लोक दुसरं काही पुसत नहीत," आबा म्हणाले. मी टिंचर लावत होते, ते रस्त्याकडे पाहत होते.

"मनी पोर वरणगावले दिधेल शे, बाई. तठे बी आड शे. शेजारी कोण ऱ्हास, माले माहीत नही."