होडीचं माप

आमच्या शेजारच्या गुप्ते काकूंच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला कायम शिवणाचा टेप असतो. चाळीस वर्षं पनवेलात शिवणक्लास चालवला. क्लास बंद झाला, टेप काही उतरला नाही. फ्रिज घ्यायचा तर आधी त्याची 'छाती' मोजणार. नवीन भाडेकरू आला की "खांदे उतरते आहेत हो" म्हणणार. आणि कुठल्याही मापाला शेपूट एकच, "एक इंच मार्जिन सोडा." माझ्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त ऐकूनसुद्धा म्हणाल्या, "भटजींना सांगा, मार्जिन सोडा."

गुप्ते काका दर रविवारी मोऱ्याच्या बंदरावर जाऊन आपली छोटी शिडाची होडी चालवायचे. गेल्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून खिडकीजवळच्या कॉटवर उताणे पडून असतात. टीव्ही लावा, बोला, ढिम्म बघत नाहीत. डॉक्टर म्हणाले, कशात तरी लक्ष लागायला हवं, नाहीतर माणूस असाच विझत जाईल. सगळ्यांनी सांगितलं, होडी विकून टाका. काकूंनी ती घरी आणायची ठरवली.

आणायची म्हणजे ठेवायला लाकडी घोडी हवी. ती काकू घरीच करणार. मोऱ्याला जाऊन त्यांनी होडीच्या पोटाला वर्तमानपत्रं चिकटवून चक्क पेपर कटिंग घेतलं. वहीत कंबर, घेर, उतार सगळं लिहिलं. नेऱ्याहून जुने वासे आणले आणि करवत माझ्या हातात दिली. मी कंबरदुखीचा पट्टा बांधून ऑफिसला जाणारा माणूस. माझे तीन रविवार त्या भुशात गेले, आणि मला मनापासून वैताग आला होता.

चौथ्या रविवारी मोऱ्याला काकांची होडी सांभाळणारा हरेश ती ट्रेलरवर घालून घेऊन आला. ट्रेलर त्याला बारापर्यंत परत हवा होता. अंगणातली घोडी बघून तो कमरेवर हात ठेवून उभाच राहिला.

"बाय, येवरी उंच कशाला? आमी गुडघ्याएवरी करतो. हिच्यावर चढवनार कोन?"

पाय कापताना मीही हेच दोनदा विचारलं होतं. "उंची मी आत मोजलीय," एवढंच उत्तर. आत काय मोजलं, देव जाणे.

"दीड फूट कमी करतो, दोन मिन्टांचं काम हाय," म्हणत हरेशने करवत उचलली. काकू मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"हात लावायचा नाही."

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मनात म्हटलं, वय झालं. एकही ब्लाऊज न बिघडवलेली बाई आज दीड फूट चुकली, आणि ते आपल्या पाठीवर निघणार.

होडीखालून घालायला काकूंनी जाड कॅनव्हासचे पट्टे शिवले होते, दुहेरी शिलाईचे. मी, हरेश, त्याचे दोन सोबती आणि समोरच्या बांधकामावरचे दोघे, असे सहाजण पट्टे खांद्यावर घेऊन उभे राहिलो. पहिल्यांदा उचलली ती अर्ध्यातच परत टेकवली. दुसऱ्यांदा उचलली, ड्रायव्हरने ट्रेलर ओढून काढला, काकूंनी आणि वॉचमनने घोडी खाली सरकवली. "सावकाश," काकू म्हणाल्या, "फ्रॉक गळ्यातून उतरवतो तशी." होडी बसली ती अशी की हरेशने फटीत नख घालून पाहिलं, गेलं नाही.

"माप एकदम बरोबर हाय," तो म्हणाला. "उंचीचं तेवरं सोडलं तं."

माझी तर कंबर धरली होती. वाकलो तो सरळ होईना. दोघांनी धरून मला आत नेलं आणि काकांशेजारी, काकू रात्री झोपतात त्या कॉटवर उताणं पाडलं.

पडल्यापडल्या मी खिडकीकडे बघितलं. अंगण दिसत नव्हतं, भिंत दिसत नव्हती, घोडीही नाही. खिडकीच्या कठड्यावर होडी तेवढी दिसत होती, निळ्या काठाची, पाण्यात उभी असावी तशी. दीड फूट खाली असती तर तीही दिसली नसती. मला सकाळपासूनच्या माझ्या विचारांची लाज वाटली.

काकांची मान खिडकीकडे वळली होती. डाव्या मुठीत त्यांनी चादरीचं टोक घट्ट धरलं होतं, शिडाचा दोर धरतात तसं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काकू माझ्यासाठी शेकायची पिशवी घेऊन आल्या आणि ती माझ्या पोटावर ठेवून मला विसरल्या. काकांच्या उशीवर डोकं टेकून, गालाला गाल लावून, एक डोळा मिटून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"अहो, एक इंच मार्जिन सोडलंय," त्या म्हणाल्या. "उशी दबली तरी दिसेल."