मेरनचा मासा

"मेरनच्या थडग्यावरचा दगड मी एकटा बसवणार! मदतीला कोणी फिरकायचं नाही!" बायको गेल्यावर थॉर्फिन मास्तरांनी सगळ्या बेटाला बजावून ठेवलं होतं.

आता स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनीच्या त्या एवढ्याशा बेटावर मदतीला येऊ नका म्हणणं म्हणजे गायींना गवताकडे बघू नका म्हणण्यासारखं! तिथे शेजारी विचारून मदत करत नाहीत. तुम्ही घराबाहेर पडलात की येतात, काम उरकतात आणि तुमच्याच चुलीवर चहा करून पितात. मास्तरांना हे जन्मापासून ठाऊक होतं. पण दुःखात माणसाचं डोकं जरा सुट्टीवर असतं.

दगड साधासुधा नव्हता. लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात मेरन किनाऱ्यावर शिंपले वेचायला गेली आणि ही टेबलाएवढी फरशी शोधून आली. फरशीवर डांबरासारखा काळा, हातभर लांब, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा मासा उमटलेला. मासा कसला, सरदारच! डोक्याला हाडांचं शिरस्त्राण, छातीला हाडांचं चिलखत आणि दोन्हींच्या मधे मानेशी बिजागरी. तोंड उघडताना जबडा खाली जायचाच, पण पेटीच्या झाकणासारखं डोकंही वर उचललं जायचं! दात नव्हते, हाडांचीच पाती, एकमेकींवर घासून धार लागणारी. हे सगळं घराणं कधीच नामशेष झालं. पण मास्तर वर्गात सांगायचे, "पोरांनो, जबडा पहिल्यांदा आला तो असल्या माशांना. तुम्ही भाकरी चावता ना, ती यांच्या कृपेने!"

आणि "हा मासा कोणाचा?" असं पाहुण्यांनी विचारलं की पोरं एका सुरात ओरडायची, "मास्तरांचा!"

मेरन नुसती हसायची. शेवटच्या आजारात मात्र म्हणाली, "थॉर्फिन, माझ्यावर तो मासा ठेव. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. तो मला सापडला होता, एवढं तरी लोकांना कळू दे."

मास्तरांनी शब्द दिला. फरशी अंगणात भिंतीला टेकवली आणि तिच्यावर नाव कोरायला चांगल्या छिन्न्या आणाव्यात म्हणून ते बोटीने मोठ्या बेटावर गेले. संध्याकाळी परतले, तर अंगण रिकामं!

मास्तरांना एकदम आठवलं, परवा असले दगडातले मासे शोधणारे दोन पाहुणे कमरेला हातोड्या लावून फिरत होते. फरशीपाशी चांगले तासभर रेंगाळले होते! मास्तर धापा टाकत धक्क्यावर पोचले. बोट सुटायच्या बेतात होती आणि ते दोघे पिशव्या घेऊन चढतच होते.

"थांबवा बोट! चोर आहेत हे! माझी बायको पळवलीय यांनी!"

सगळा धक्का वळून बघू लागला. पाहुण्यांतला म्हातारा गोंधळून पिशवी उघडून दाखवू लागला. आत निघाल्या जवाच्या जाड भाकऱ्या, चीजचा गोळा आणि एक लोकरीचा स्वेटर.

"यात बायको मावेल का हो?" त्याने नम्रपणे विचारलं.

टेबलाएवढी फरशी तरी कुठे मावणार होती! मास्तर लाजेने अर्धे झाले. तेवढ्यात मागून पाठीवर दणकट थाप पडली. शेजारचा मॅन्सी फ्लेट. बेटावरच्या निम्म्या फरश्या त्यानेच बसवलेल्या.

"मास्तर, तुम्ही इथे होय! चला, चर्चच्या आवारात चला. सकाळपासून सगळे खपलोय तिथे!"

मेरनच्या कबरीवर फरशी बसली होती. सपाट, स्वच्छ, आरशासारखी. चहूबाजूंनी सिमेंट. भोवती शेजारी टोप्या हातात घेऊन उभे. मॅन्सीची बायको इंगा घरची बिअर ओतत होती.

"मॅन्सी," मास्तरांनी फरशीवरून हात फिरवला, "मासा कुठाय?"

"खाली! खडबडीत बाजू वर ठेवून फरशी कोण बसवतं? पाणी साचतं, थंडीत दगड फुटतो. माझा बाप पलीकडच्या रांगेत निजलाय, तो उठून बसला असता!"

"काढता येईल?"

"काढता? बोट बांधून ठेवावी असं सिमेंट घातलंय! पहार लावली तर पापुद्रे सुटतील दगडाचे." मास्तरांचा चेहरा मॅन्सीने आत्ता कुठे पाहिला. "का हो? तो वर हवा होता?"

इंगाला आधी कळलं आणि तिने हातातला जग खाली ठेवला. बघता बघता बैलासारखा मॅन्सी फरशीवर बसून हमसून रडायला लागला. "शेवटचं काम केलं मेरनचं, आणि तेही उलटं!"

झालं! बायको मास्तरांची गेलेली आणि समजूत काढायची मॅन्सीची!

"अरे, रडतोस काय वेड्या? माशाचं तोंड तिच्याकडे आहे. तिला हेच हवं होतं," मास्तर धडधडीत खोटं बोलले.

"खरंच?"

"खरंच." मग त्यांनी बिअरमध्ये बोट बुडवलं आणि कोऱ्या फरशीवर रेघ ओढली. "इकडे या सगळे. खाली काय आहे ते बघून घ्या. हे शिरस्त्राण. ही बिजागरी. हे छातीचं चिलखत. आणि हा मासा मेरनला सापडला होता. मला नव्हे. कोणाला सापडला?"

"मेरनला," सगळे पुटपुटले. मोठाली माणसं, पण वर्गातल्या पोरांसारखी.

"आणि मागे चिलखत नाही?" मॅन्सीने नाक पुसत विचारलं.

"नाही. मागचं अंग उघडंच. त्याला वाटत असेल, जे यायचं ते समोरूनच येणार."

वारा समुद्रावरून येत होता. मास्तर शेपटीपर्यंत पोचेतो डोकं वाळून गेलं होतं. त्यांनी पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा डोक्यापासून सुरुवात केली. पुन्हा वाळलं. कोणी घरी जाईना.

शेवटी मॅन्सीला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. तो मास्तरांच्या कानाशी वाकला.

"मास्तर, काळजी करू नका. शेजारच्या जागेसाठी तुमचीही फरशी बघून ठेवलीय मी. एकदम सुरेख! दोन्ही बाजूंनी एक डाग नाही!"