एका डोळ्याचा नमुना

आमच्या आत्याबाईंचा मोतिबिंदू पिकला होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. तो काढावा, याबद्दलही नव्हतं. अडचण एवढीच होती, की 'काढा' असं म्हणायचं कुणी.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, धुरपदाबाई. वय शहात्तर, मुक्काम ईट. उजवा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. सगळी भिस्त डाव्यावर. त्यात मोतिबिंदू आला म्हणून त्या आमच्याकडं धाराशिवला आल्या. "डोळा करून घेते आन माघारी जाते," असं बोलूनच पिशवी टेकवली. गावाकडं दोन शेळ्या आणि शेजारच्या महेश्वरीबाईंशी रोजचं भांडण, दोन्ही वाऱ्यावर सोडून आल्या होत्या.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी संमतीपत्रावर सही घेण्याआधी सहज दोन प्रश्न विचारले.

"आजी, आज तारीख काय?"

"तारीख कोरटात असती बाबा. माझी कंची केस न्हाय."

"बरं. बाहेर हवा कशी आहे?"

"धुकं लई पडायलंय."

मे महिना होता. बाहेर बेचाळीस अंश. डॉक्टरांचं पेन थांबलं, मग जोरात चाललं: स्थळकाळाचे भान नाही, संमती ग्राह्य धरता येत नाही.

"मी मुलगा आहे. मी करतो सही," माझे मिस्टर कृष्णराज म्हणाले.

"मुलगा म्हणजे पालक नव्हे, सर. अठरा वर्षांवरच्या माणसाला पालक नसतो. नेमून आणावा लागतो."

"मला अठरा व्हऊन लई दिस झाले," आत्याबाईंनी माहिती पुरवली. तीही लिहून घेतली गेली.

प्रौढ-पालकत्व कक्ष तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण ती दाखला असलेल्या अपंगांसाठी, आणि दाखला तिसऱ्या मजल्यावर मिळतो. आत्याबाई एकेक पायरी चाचपत वर आल्या. माझ्या कडेवर चार वर्षांची लेक, आरोही. तिला तिथलं पाणी पाजायचं नाही म्हणून उकळलेल्या पाण्याची बाटली खांद्याला.

कक्षातले मल्लेशसाहेब फार सज्जन. नाही म्हणायच्या आधी खुर्ची देतात.

"काय आहे ताई, कायदे पुष्कळ आहेत. जन्मापासून समजत नाही त्यांचा वेगळा, मनाचा आजार आहे त्यांचा वेगळा. बेशुद्ध असेल तर थेट हायकोर्ट. ह्या कशात बसतात?"

"म्या हितं बाकड्यावर बसलेय," आत्याबाई म्हणाल्या.

मल्लेशसाहेबांनी माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. मग कागद तपासले आणि त्यांना एक मूलभूत अडचण सापडली. आत्याबाईंच्या आधारकार्डावर जिल्हा उस्मानाबाद होता, कृष्णराजांच्या नव्या कार्डावर धाराशिव. आई एका जिल्ह्यात आणि मुलगा दुसऱ्या. एका घरात राहतात कसे? त्याचं शपथपत्र करून दिलं. त्यात आठ दिवस गेले. कृष्णराज शिक्षक असल्यामुळं शिकवण्याखेरीज सगळ्या कामांत अडकलेले असतात, म्हणून पालक म्हणून माझं नाव घातलं.

नंतर आत्याबाईंच्या नावानं रजिस्टर पोस्टानं नोटीस आली. 'आपणांस समजत नाही, याबाबत आपले म्हणणे सात दिवसांत लेखी कळवावे.' मी ती वाचून दाखवली.

"कळवा, मला मान्य न्हाय," आत्याबाई म्हणाल्या.

तसं कळवलं. मल्लेशसाहेब वाचून गंभीर झाले. "आपल्याला समजत नाही हे त्यांना समजत नाही. म्हणजे बरंच पुढं गेलंय, ताई."

"आणि मान्य केलं असतं तर?"

"मग तर प्रश्नच नव्हता."

कक्षाच्या समितीपुढं पुरावा मात्र भक्कम लागणार होता, आणि तो माझ्याकडं होता. मला वही ठेवायची सवय आहे. आरोही किती वेळा खोकली, दूध किती प्यायली, ताप किती वाजता उतरला, सगळं तारीखवार. आत्याबाई आल्यापासून त्याच वहीत मागच्या बाजूनं त्यांचंही लिहीत होते. काळजीपोटीच. 'सकाळी ६.१०: कूलरला पाव्हणं म्हणाल्या, चहा विचारला.' (कूलरवर मी टॉवेल वाळत घालते.) 'दुपारी: यांना "कोण हाय?" म्हणाल्या. पोटचा मुलगा!' 'पुन्हा धुकं.'

समितीच्या अध्यक्षांनी वही दोनदा वाचली. "इतकं बारीक निरीक्षण आमच्याकडं क्वचित येतं," असं म्हणाले. खोटं कशाला बोलू, कॉलेजात पहिल्या आल्यावर झाला नव्हता तेवढा आनंद झाला.

मग परीक्षा. अध्यक्षांनी आत्याबाईंसमोर एक तक्ता धरला. "ह्या चित्रात काय आहे?"

"पांढरं काय तरी हाय."

"नीट बघून सांगा."

"नीट दिसत असतं तर हितं कशाला आले असते?"

'प्रश्नाला बगल देतात,' अध्यक्ष सांगत गेले आणि मल्लेशसाहेब लिहीत गेले. चित्र गाईचं होतं. आत्याबाईंनी हयातीत वीसेक गाई पाळल्या, विताना अडलेल्या चार सोडवल्या. मी बोलणार होते. पण त्या पास झाल्या असत्या तर पालक मिळाला नसता, आणि दवाखान्यात त्या आधीच नापास होत्या. डोळा उघडायचा तर आधी नापासच व्हायला हवं होतं.

आदेश आला तेव्हा पाऊसकाळ सुरू झाला होता. 'सदर महिलेचे आरोग्य, निवास, प्रवास, आहार व अनुषंगिक सर्व बाबींचे निर्णय पालक घेतील. पालकांनी दरमहा अहवाल सादर करावा.'

"साहेब, मी फक्त एका डोळ्यापुरतं मागितलं होतं."

"एका डोळ्याचा नमुना छापलेला नाही, ताई. तुम्ही पूर्ण घ्या. जास्तीचं वापरू नका."

मी सही केली, डोळा झाला. पट्टी काढली त्या दिवशी आत्याबाईंनी घर नव्यानं पाहिलं. कृष्णराजांना म्हणाल्या, "आरं, केस कुठं गेलं तुझं?" कूलरवरचा टॉवेल उचलून पाहिला. "ह्याला म्या दोन महिनं चा विचारायले, आन कुनी एका शब्दानं सांगितलं न्हाय?" खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "धुकं गेलं."

मी ते वहीत लिहिलं नाही. कुठल्या रकान्यात लिहावं ते कळेना.

"आता मला ईटला सोडा," त्या दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या.

आता निवास आणि प्रवास माझ्याकडं. मी विचार केला: एकट्या राहणार, न्हाणीत घसरल्या तर? पावसाळ्यात साप निघतो. म्हटलं, बघू. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू म्हटलं. जास्तीचं वापरायचं नाही असं ठरलेलं होतं, पण हाताशी होतं म्हणून वापरलं. त्यात आत्याबाईंना आता सगळंच दिसायला लागलेलं. फळीवरची धूळ दिसे, पोरीला मोबाईल दाखवत भरवते तेही दिसे. त्या बोलल्या की मी वही काढी. 'चिडचिड वाढली. ईटचं नाव तीनदा.'

शेवटी त्या मला घेऊन स्वतःच कक्षात गेल्या. तिन्ही जिने कठडा न धरता चढल्या.

"साहेब, मला आता समजतं. तुमचा कागद माघारी घ्या."

"आज्जी, तुमचा अर्ज घेता येत नाही. तुम्हाला समजत नाही असा आदेश आहे."

"कुनी काढला?"

"आम्हीच."

"तवा मला दिसत नव्हतं."

"आदेशात तसं कुठं नाही."

आत्याबाईंनी भिंतीकडं बोट केलं. "ती तुमच्या तक्त्यातली गाय. गाभण हाय. चित्र काढनाऱ्याला ठावं नसंल, मला दिसायलंय. मग आता मला समजतं हे कुनी सांगायचं?"

"पालकांनी."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मल्लेशसाहेबांनी रद्द करण्याचा अर्ज माझ्या हातात दिला. सही तेवढी बाकी. मी म्हटलं, घरी जाऊन नीट वाचते.

नीट वाचायला मला पाच आठवडे लागले. सहाव्या आठवड्यात मी आरोहीला लसीकरणाला नेलं होतं, परत आले तर आत्याबाई नाहीत, पिशवी नाही. मी सबंध गल्ली पालथी घातली. संध्याकाळी महेश्वरीबाईंच्या मोबाईलवरून फोन आला.

"पोचले गं. भूमला गाडी बदलली."

"एकट्या? आत्याबाई, तुम्हाला कुणी अडवलं नाही?"

"कंडक्टरनं आधार बघितलं. पंच्याहत्तरीच्या पुढं फुकट हाय म्हनला, खिडकीची जागा दिली. पालक कुनी हाय का, आसं न्हाय इचारलं त्यानं."

मागून महेश्वरीबाईंचा चढा आवाज येत होता. भांडण सुरूही झालं होतं.

मी घाबरून मल्लेशसाहेबांना फोन लावला. ते शांत होते. "ताई, प्रवासाला तुम्ही परवानगी दिली का?"

"नाही."

"मग प्रवास झालेलाच नाही. त्या तुमच्याजवळच आहेत. अहवाल वेळेवर देत जा."

तेव्हापासून मी अहवाल देते. 'प्रकृती स्थिर. पालकांच्या निगराणीत. आहार: मुगाची खिचडी.' रोज संध्याकाळी ईटहून फोन येतो.

"काय जेवले गं म्या आज?"

"खिचडी, आत्याबाई."

"मीठ बरं व्हतं का?"

"हो."

"मंजी कमीच असनार."

रद्द करण्याचा अर्ज अजून वहीतच आहे. सही करणार आहे. पावसाळा एकदा सरू दे, मग थंडी बघू. परवा तो शोधताना वहीत मधल्या पानांवर रंगीत खडूच्या रेघोट्या दिसल्या. आरोहीला विचारलं, हे काय?

"तुझं लिहिलंय," ती म्हणाली. "तू काल गॅसवर दूध विसरलीस. आणि मला दोनदा आज्जी म्हणालीस."

हे वाचून तुम्ही मला नावं ठेवाल. ठेवा. पण त्याआधी उठून आतल्या खोलीत जा. तिथं जे कुणी बसले असतील, त्यांना आज काय जेवायचंय ते शेवटचं कधी विचारलं होतं, तेवढं आठवून बघा. 'तुम्हाला काय कळतंय, बसा' असं मीही म्हणते. माझ्याकडं निदान शिक्का मारलेला कागद आहे.